नवशिक्यांनी लिहिलेली समुद्राची पुस्तकं सुचवा (अट: लेखकाला बोट लागलेली असावी)

खाडीकाठी | १२ जानेवारी, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी.

वय ४४, धंदा हिशेबतपासणी, पोहणं जेमतेम. गेल्या महिन्यात मुंबईत गेटवेसमोरच्या पाण्यात दोन शनिवार-रविवार शिडाच्या छोट्या होडीचा शिकाऊ वर्ग केला. चार दिवसांत होडी सहा वेळा उलटली. पाच वेळा सुकाणू माझ्या हातात होतं. सहाव्या वेळी मी नुसताच बसलो होतो, तरी शिकवणाऱ्या पोराने माझ्याकडेच बघितलं.

पण एकदा, जेमतेम दहा मिनिटं, शीड बरोबर भरलं, होडी एका बाजूला कलली आणि इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय नुसती सरकत गेली. तेव्हापासून ऑफिसात पंख्याकडे बघून वारा कुठून येतोय याचा विचार करतो.

आता भर समुद्रात गेलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेलं काही वाचायचंय. 'शीड कसं बांधावं' छापाची पुस्तकं नकोत. सगळ्यांनी सांगितलं म्हणून जोशुआ स्लोकम उघडला. थोर माणूस, पण पहिल्याच प्रकरणात कळतं की त्याची अख्खी हयात जहाजांवर गेलेली. मला असं कोणीतरी हवंय ज्याला निघताना फारसं येत नव्हतं आणि ज्याने ते लपवलेलं नाही. चुका, भीती, उलट्या, सगळं असावं.

---

सुंठवडा | रात्री ११:१९

मी पयला. पुस्तक माहीत नाही, पण शीर्षकातल्या अटीसाठी वाखूण साठवली आहे. मला मांडव्याच्या लाँचमध्ये बोट लागते, त्यामुळे लेखक व्हायची निम्मी पात्रता आहेच.

---

अनसूया_वाचते | १३ जानेवारी, सकाळी ७:४०

तुमच्या वर्णनात चपखल बसणारं एक नाव: तान्या एबी, 'मेडन व्हॉयेज' (१९८९).

न्यूयॉर्कमधली अठरा वर्षांची, शिक्षणात रस नसलेली, वडिलांच्या डोक्याला ताप झालेली मुलगी. वडिलांनी पर्याय ठेवला: कॉलेजचा खर्च देतो, नाहीतर बोट घेऊन देतो, पण मग एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तिने बोट घेतली. २६ फुटी, नाव 'वरुणा' (हो, आपलाच वरुण). मे १९८५मध्ये निघाली. त्याआधी तिने एकटीने बोट कधी हाकलीच नव्हती. पहिला टप्पा बर्म्युडा, आणि तोच तिचा पहिला एकटीचा प्रवास!

तेव्हा जीपीएस नव्हतं. सेक्स्टंटने सूर्याचा कोन मोजून आपण कुठे आहोत ते काढायचं, आणि ही विद्या ती बरीचशी वाटेतच शिकली. त्या चुकत गेलेल्या आकडेमोडीची पानं मला सगळ्यात आवडली. नकाशावर आपण एके ठिकाणी आणि समोरचा किनारा वेगळंच सांगतोय, तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो तिने लिहिलाय. आईचं आजारपण आणि मृत्यू याच काळातला. म्हणजे समुद्र हा पुस्तकाचा निम्माच भाग आहे. उरलेलं एका घराचं पुस्तक आहे.

नोव्हेंबर १९८७मध्ये परत आली. सगळ्यात लहान वयाच्या एकल प्रदक्षिणेचा मान मात्र तांत्रिक कारणाने हुकला. दक्षिण पॅसिफिकमध्ये वानुआतूत एका ओळखीच्या व्यक्तीला सुमारे ८० मैल सोबत घेतलं होतं. अख्ख्या पृथ्वीच्या प्रदक्षिणेत ८० मैल! मला वाचताना तिच्यापेक्षा जास्त चुटपुट लागली.

---

चष्मिष्ट | सकाळी ९:०२

एबी चांगली आहे, पण बाप पैसेवाला हे विसरू नका. 'नवशिकी' आणि 'पर्याय असलेली नवशिकी' यात फरक असतो.

आणि धागाकर्त्याने स्लोकमला फार लवकर सोडलं. तो अनुभवी होता हे खरं, पण पुस्तक लिहितो ते शेजारच्या गप्पिष्ट काकांसारखं. फेअरहेवनच्या कुरणात पडलेला एका जुन्या बोटीचा सांगाडा फुकट मिळाला, तो तेरा महिने खपून ५५३ डॉलर ६२ सेंटमध्ये नव्याने बांधला. हिशेबतपासनीस माणसाने त्या ६२ सेंटसाठी तरी पुढे वाचायला हवं होतं. १८९५ ते १८९८, एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. आणि पोहता येत नव्हतं!

---

खाडीकाठी | सकाळी ९:३०

६२ सेंट वाचून स्लोकम परत उघडला आहे. एबी मागवलं.

---

लंबक | सकाळी १०:१५

भर समुद्रात आपला रेखांश काढायला अचूक घड्याळ लागतं. चार सेकंदांची चूक म्हणजे एक मिनिट रेखांश, विषुववृत्तावर एक सागरी मैल. आणि स्लोकमने घेतलं काय, तर तबकडी फुटली म्हणून दीड डॉलरचं एका डॉलरला मिळालेलं पत्र्याचं घड्याळ. पुढे ते बंद पडलं तेव्हा उकळून चालू केलं. चंद्र आणि तारे यांच्यातलं कोनीय अंतर मोजून रेखांश काढता येत असल्यामुळेच त्याला ही चैन परवडली. खाडीकाठी, तुम्ही हे करू नका.

---

पोटापुरते | सकाळी १०:२१

घड्याळ उकळलं?? मीठ घातलं का?

---

सुंठवडा | सकाळी १०:२४

समुद्राचं पाणी. मीठ आधीच होतं.

---

किवी_मावशी | दुपारी १२:५० (इकडे रात्र)

ऑकलंडहून. इथे दर तिसऱ्या घरासमोर बोट उभी असते आणि मी वीस वर्षांत एकदाही शिकले नाही, त्यामुळे खाडीकाठींना आधी एक नमस्कार.

आमच्या नेओमी जेम्सचं नाव अजून कसं आलं नाही? न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, व्यवसायाने केशरचनाकार. युरोपात फिरत असताना फ्रान्समध्ये सँ-मालोच्या बंदरात रॉब जेम्स नावाचा नाविक भेटला. त्याच्यामुळे बोटी कळल्या, आणि दोन वर्षांच्या आत ही बाई ५३ फुटी बोट घेऊन एकटी जगप्रदक्षिणेला निघाली. सप्टेंबर १९७७ ते जून १९७८, २७२ दिवस, केप हॉर्नच्या (दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या) मार्गाने. तिच्याआधी एकट्याने प्रदक्षिणा केलेल्या फ्रान्सिस चिचेस्टरपेक्षा कमी दिवसांत. सोबत बोरिस नावाचं मांजराचं पिल्लू होतं, ते वाटेत समुद्रात वाहून गेलं. मी ते पान वाचून पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

हॉर्नच्या आधी बोट उलटून परत सरळ झाली, डोलकाठीचे ताण सैल झालेले, रेडिओ बंद. 'अ‍ॅट वन विथ द सी' हे पुस्तक. लिहिण्यात अलंकार अजिबात नाहीत. 'मला हे येत नव्हतं, मग मी ते केलं,' इतकं साधं.

---

चष्मिष्ट | दुपारी १:१०

प्रायोजक होता, नवऱ्याची ओळख होती, बोट 'चे ब्लाइथ' नावाच्या नाविकाची होती. तरीही जेम्सबाईंना माझ्याकडून पूर्ण गुण.

आणि आता चे ब्लाइथ निघालाच आहे तर ऐका. १९६८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत (न थांबता, एकट्याने, जगाभोवती) नऊ जण उतरले. त्यातल्या ब्लाइथला शीड हाकता येत नव्हतं. अटलांटिक वल्हवून पार केलेला होता, पण शीड नाही. निघायच्या दिवशी मित्रांनी आपली बोट त्याच्या पुढे ठेवली. ते जे करतील ते बघून हा मागे तेच करत बंदराबाहेर पडला! नवराबायको दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'इनोसंट अबोर्ड'. खाडीकाठी, तुमचे आद्य गुरू हेच.

तो आफ्रिकेच्या टोकापर्यंत पोचला आणि शर्यतीतून बाहेर पडला. नंतर १९७०-७१मध्ये त्याच माणसाने उलट्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, २९२ दिवसांत प्रदक्षिणा केली. 'आधी येत नसणं' आणि 'कधीच न येणं' या वेगळ्या गोष्टी आहेत.

---

तांडेलाचो_नातू | दुपारी २:३३

माजो आजो शिडाच्या गलबतार तांडेल होतो. मालवणसून मुंबैक कौला नि सुकी मासळी घेवन जाय. तेना एक पुस्तक वाचूक नाय आणि तेका कदी बोट लागूक नाय. तुमी लोक एसीत बसान पुस्तका मागवतास.

(चेष्टा करतोय हो. धागा मस्त चाललाय.)

---

खाडीकाठी | दुपारी ३:००

@तांडेलाचो_नातू, आजोबांच्या गोष्टी कोणी लिहून ठेवल्या असत्या तर या धाग्याची गरजच पडली नसती.

---

तांडेलाचो_नातू | दुपारी ३:२०

ते खरं आहे. तो गेला तेव्हा मी नववीत होतो. फक्त दोन गोष्टी आठवतात. एक, पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. दुसरी, नारळी पौर्णिमेच्या आधी कोणी कितीही पैसे दिले तरी नाही. बाकी सगळं त्याच्याबरोबर गेलं.

---

नांगर_टाकला | संध्याकाळी ६:४५

मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढून आता डोंबिवलीत आहे. एक कडवट पण आवश्यक प्रतिसाद.

या धाग्यातल्या सगळ्या पुस्तकांत एक प्रसंग असतो: रात्री जाग येते आणि एक अजस्र जहाज अगदी जवळून निघून जातं. लेखक लिहितो, 'त्यांनी मला पाहिलंच नाही.' अहो, खरंच पाहिलेलं नसतं. आम्ही ब्रिजवर (जहाज हाकायच्या खोलीत), पाण्यापासून पाच-सहा मजले वर. फायबरची किंवा लाकडाची लहान बोट उसळत्या समुद्रात रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवते. नियमाप्रमाणे बहुतेक वेळा इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. पण भरलेलं मोठं जहाज थांबायला मैल-मैल लागतात, आणि जे दिसलंच नाही त्याला वाट कशी देणार?

जेसिका वॉटसनचं 'ट्रू स्पिरिट' वाचा. सोळा वर्षांची ऑस्ट्रेलियन मुलगी. २००९मध्ये मुख्य प्रवासाआधीच्या सरावात रात्री तिची गुलाबी बोट एका मालवाहू जहाजावर आदळली, डोलकाठी तुटली. देशभर ओरडा झाला की हिला थांबवा. तिने बोट दुरुस्त केली, निघाली, आणि २१० दिवसांनी सतराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी सिडनीत परत आली. आधी फजिती आणि ती लपवायला जागाच नाही, म्हणून नवशिक्याने हे वाचावं. मी स्वतः मात्र ते 'समोरच्या जहाजावर कोण होतं' या नजरेने वाचलं.

---

सुंठवडा | संध्याकाळी ७:०२

काका, बोट लागण्यावर तुमचा ३१ वर्षांचा उपाय काय?

---

नांगर_टाकला | संध्याकाळी ७:३०

निघण्याच्या तासभर आधी अ‍ॅव्होमिन. एकदा सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. उघड्यावर बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, पुस्तक वाचायचं नाही (या धाग्यावर हे सांगणं वाईट वाटतं). पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडी बिस्किटं. सगळ्यात रामबाण म्हणजे झाडाखाली जाऊन बसायचं.

---

पोटापुरते | संध्याकाळी ७:४१

आल्याची वडी राहिली. आमची आजी मुंबई-पणजी बोटीने माहेरी जायची तेव्हा कनवटीला आल्याची वडी आणि लिंबू. रत्नागिरीला बोट बंदराला लागत नसे, पडावातून उतरावं लागे. ती म्हणायची, बोट लागण्यापेक्षा पडावात उतरतानाची शिवीगाळ जास्त लागायची.

---

सं. मंडळ | रात्री ८:००

आल्याच्या वडीसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा ही विनंती. बाकी चालू द्या.

---

लंबक | रात्री ९:१०

गोल्डन ग्लोबचा विषय निघालाय तर आपल्या मुंबईचा संबंध कोणीच कसा सांगत नाही?

नऊ जणांत एकच पूर्ण करून परत आला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९, ३१२ दिवस. त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी बोट मुंबईत बांधलेली, आपल्या सागवानाची, इथल्या सुतारांनी हाताच्या हत्यारांनी केलेली. तो तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. शर्यतीतल्या भारी बोटी फुटल्या, बुडाल्या किंवा मागे फिरल्या, आणि ही सगळ्यात हळू, लाकडी, मुंबईकर बोट घरी आली.

तो नवशिका नव्हता, मान्य. पण 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' वाचताना माझ्यासारख्या यंत्रांच्या माणसाला काय गंमत येते! इंजिनाच्या मॅग्नेटोमधली (ठिणगी पाडणाऱ्या भागातली) फट मोजायची होती आणि मोजपट्टी नव्हती. याने पुस्तकाची पानं मोजली. दोनशे पानं म्हणजे एक इंच, म्हणजे एक पान पाच हजारांश इंच. तीन पानं घालून फट बसवली. बोटीच्या तळाला गळती लागली तर पाण्याखाली जाऊन कापडाची पट्टी आणि वर तांब्याचा पत्रा ठोकला. मध्ये शार्क घिरट्या घालायला लागला तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि परत कामाला लागला. मानसोपचारतज्ज्ञाने निघण्याआधी आणि आल्यावर तपासलं. दोन्ही वेळा निष्कर्ष: त्रासदायक वाटावा इतका नॉर्मल.

---

अनसूया_वाचते | रात्री ९:४८

@लंबक, सुंदर. पण याच शर्यतीतला डोनाल्ड क्रोहर्स्ट विसरून चालणार नाही, विशेषतः या धाग्यावर. नऊ जणांतला खरा हौशी तोच. सुट्टीच्या दिवशी बोट चालवणारा, दिशा शोधणारं रेडिओ यंत्र बनवण्याचा स्वतःचा छोटा धंदा. अर्धवट तयार बोटीतून निघाला, पुढे जाणं अशक्य आहे हे कळलं, परत फिरणंही कर्जामुळे अशक्य. मग अटलांटिकमध्येच रेंगाळत खोट्या जागा कळवत राहिला. जुलै १९६९मध्ये बोट सापडली, तो नव्हता. त्याच्या वह्यांवरून टोमलिन आणि हॉल या दोन पत्रकारांनी लिहिलेलं पुस्तक आठवणींचं नाही, पण त्यातल्या नोंदी त्याच्याच आहेत.

नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

खाडीकाठी, 'मला येत नाही' हे वेळेवर न म्हणता आलेल्या माणसाचं पुस्तक आहे हे. तुमच्या यादीत ते उलट बाजूने बसतं.

---

खाडीकाठी | रात्री १०:२०

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. हिशेब जुळवण्यासाठी खोट्या नोंदी करणारी माणसं मी रोज बघतो. सुरुवात नेहमी एका छोट्या आकड्याने होते.

---

चष्मिष्ट | १४ जानेवारी, सकाळी ८:१५

आता कोणीतरी बुडालेल्या बोटी आणि तराफ्यांची पुस्तकं आणणार, म्हणून आधीच सांगतो: ती नवशिक्याला देऊ नयेत. उगाच धसका बसतो.

---

किवी_मावशी | सकाळी ८:५५

मी आणतेच. मॉरिस आणि मॅरलिन बेली, '११७ डेज अ‍ॅड्रिफ्ट'. इंग्लंडमधलं साधं जोडपं. घर विकून बोट घेतली, बोटीवर रेडिओ मुद्दाम ठेवला नाही कारण मॉरिसला जगाशी संपर्क नको होता. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. मार्च १९७३मध्ये पॅसिफिकमध्ये देवमासा आदळला, तासाभरात बोट तळाला. पुढे ११७ दिवस रबरी तराफा आणि छोटी डिंगी. सेफ्टी पिनेचे गळ करून मासे, हाताने पकडलेली कासवं, कागदाचे पत्ते करून खेळ. आणि तराफ्यावर बसून मॅरलिन पुढच्या बोटीचा आराखडा काढत होती, पदार्थांच्या याद्या करत होती. कोरियन मच्छीमार जहाजाने वाचवल्यावर थोड्याच काळात ते खरंच दुसऱ्या बोटीतून निघाले.

यात धसका कुठे आहे? मला तर उलट वाटलं की नवरा हातपाय गाळून बसला तरी संसार चालतो.

---

सुंठवडा | सकाळी ९:०१

शेवटचं वाक्य सौ.ने वाचलं. धन्यवाद मावशी.

---

चष्मिष्ट | सकाळी ९:२२

मुद्दा मागे घेत नाही, पण मॅरलिनसाठी अपवाद.

---

नांगर_टाकला | सकाळी ११:४०

मी जोडप्यांचंच अजून एक सांगतो. माइल्स आणि बेरिल स्मीटन, 'वन्स इज इनफ'. माइल्स आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश इंडियन आर्मीतला ब्रिगेडियर. निवृत्त झाल्यावर दोघांनी ४६ फुटी 'त्सू हँग' विकत घेतली, तेव्हा शीड हाकण्याचं ज्ञान जवळपास शून्य. चालवत चालवत शिकले. फेब्रुवारी १९५७मध्ये केप हॉर्नच्या वाटेवर एका लाटेने बोट शेपटाकडून उचलून पुढच्या बाजूवर उलटी टाकली. सुकाणूवर बेरिल होती, ती बाहेर फेकली गेली. डोलकाठ्या गेल्या, वरचं छप्पर गेलं. बेरिल जखमी अवस्थेत पोहत परत आली आणि पाणी उपसायला लागली. सोबत जॉन गझवेल नावाचा तरुण होता, सुतारकामात तरबेज, म्हणून वाचले. पुस्तकाचं नाव 'एकदा पुरे', आणि बोट दुरुस्त करून त्याच वर्षअखेरीस परत त्याच वाटेने गेले. परत उलटले! मांजर दोन्ही वेळा वाचलं. किवी मावशींसाठी मुद्दाम सांगतोय.

---

किवी_मावशी | दुपारी १:१५

आभारी आहे. हेच पुस्तक आधी वाचायला हवं होतं.

---

अनसूया_वाचते | १५ जानेवारी, रात्री १०:३०

दोन बायका राहिल्या.

अ‍ॅन डेव्हिसन, 'माय शिप इज सो स्मॉल'. पहिल्या प्रवासात नवरा बुडाला. तीन वर्षांनी ती २३ फुटी बोटीतून एकटी निघाली आणि जानेवारी १९५३मध्ये अटलांटिकपार डॉमिनिकाला पोचली. एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री. बोटीचं आपल्याला नीट जमत नाही हे ती दर दहा पानांनी कबूल करते, आणि ते लाडिकपणे केलेलं नसतं.

दुसरी हलकीफुलकी: टोरे डेरॉश, 'लव्ह विथ अ चान्स ऑफ ड्राउनिंग'. खोल पाण्याची भीती असलेली ऑस्ट्रेलियन मुलगी प्रियकराच्या गळक्या बोटीतून पॅसिफिकला जाते. खाडीकाठींच्या शीर्षकातली अट पूर्ण होते.

---

लंबक | रात्री ११:१२

आणि आपला माणूस? दिलीप दोंदे, 'द फर्स्ट इंडियन'. मला वाटतं, मूळ प्रश्नाचं सर्वात जवळचं उत्तर हेच.

नौदलातला पाणबुड्या (पाण्यात बुडी मारून काम करणारा) अधिकारी. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी (फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे) बरीच वर्षं मनात धरून बसले होते की एका भारतीयाने एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी. २००६मध्ये दोंदे हो म्हणाले, आणि हे नेमकं करायचं कसं हा शोध त्यानंतर सुरू झाला. देशात कोणी केलेलंच नव्हतं, विचारणार कोणाला? मग नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन त्याच्या हाताखाली काम केलं. बोट बांधायला गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी घेतली, दिवाडी बेटावरच्या यार्डात. त्यांनीही अशी बोट आधी कधी बांधलेली नव्हती! म्हणजे नाविक नवा, बांधणारा नवा. ५६ फुटी बोटीला नाव दिलं नदीचं: म्हादेई.

१९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघून मे २०१०मध्ये परत. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन, एवढेच थांबे. पुस्तकाचा मोठा भाग निघण्याआधीच्या तीन वर्षांचा आहे: कागदपत्रं, मंजुऱ्या, फायली, सुटे भाग. कोणाला कंटाळवाणं वाटेल. मला ते वादळांपेक्षा खरं वाटलं.

त्यांच्या वेळी किनाऱ्यावरची मदत करणारा अभिलाष टॉमी पुढे त्याच म्हादेईतून २०१२-१३मध्ये न थांबता जाऊन आला. वर्तिका जोशी आणि पाच सहकारी नौदल अधिकारी 'तारिणी'तून २०१७-१८मध्ये, ती बोटही गोव्यातच बांधलेली.

---

चष्मिष्ट | रात्री ११:३०

नौदलाचा माणूस नवशिका? अख्खं आरमार पाठीशी?

---

लंबक | रात्री ११:४४

आरमार दक्षिण महासागरात शीड बदलायला येत नाही. आणि पाण्याखाली काम करणं आणि वाऱ्यावर चालणं हे वेगळे धंदे आहेत. तुमच्या न्यायाने मासा उत्तम नाविक ठरेल.

---

चष्मिष्ट | रात्री ११:५१

बरं. मागवतो.

---

खाडीकाठी | ९ मार्च, रात्री १०:१०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा आहे.

एबी वाचून झालं. दोंदे वाचून झालं. ब्लाइथचं पुस्तक कुठे मिळालं नाही. स्लोकम निम्मा, रोज झोपताना दोन पानं. टिएरा डेल फुएगोला तो रात्री डेकवर चुका (खिळे हो, चुका नाही) पसरून झोपतो आणि अनवाणी चढाई करणारे किंचाळत पाण्यात उड्या मारतात, तिथे मोठ्याने हसलो.

दोंदे यांच्या फायली वाचताना लंबक म्हणतात तसंच झालं. एबीची आकडेमोड वाचताना मात्र वेगळं काही कळलं. मी हे सगळं 'माझ्यासारखं कोणी आहे का' म्हणून शोधत होतो. तिच्यासारखं मला काही नाही: ना वय, ना वडील, ना महासागर. पण ती चूक सापडल्यावर रडते, मग परत पहिल्या ओळीपासून गणित मांडते. ते मी ओळखतो. तेवढं पुरलं.

परवा परत गेलो होतो. दोनदा उलटलो. प्रगती आहे. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जाताना आडवी दांडी डोक्यावरून जाते तेव्हा वाकायचं असतं, हे आता डोक्याला कळलंय, टेंगूळ साक्षीला.

---

नांगर_टाकला | रात्री १०:४०

शाब्बास. लाइफजॅकेटची बकलं लावलेली होती ना?

---

खाडीकाठी | रात्री १०:४२

होती काका.

---

तांडेलाचो_नातू | रात्री ११:०५

खाडीकाठी, या वर्षी दिवाळीनंतर मालवणला या. चुलत्याचा जुना मचवा आहे, इंजिन आहे पण शीडही ठेवलंय. पहाटे मतलईवर बाहेर पडू, सिंधुदुर्गाला वळसा घालून येऊ. एकच अट, पुस्तक घरी ठेवायचं.

---

खाडीकाठी | रात्री ११:०९

नक्की येतो! पुस्तक घरी. अ‍ॅव्होमिन आणू का, की तांडेलाच्या घरात ते चालत नाही?

---

तांडेलाचो_नातू | रात्री ११:२६

घेवन येवा. दोन पाकिटा. माका पण बोट लागता.